सीमेवरच्या बंद दारांची हाक

(एका दुर्गभ्रमण मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपण मला विषय दिलात तो 'हिमालयातील एक अस्पर्श खोरे' असा. विषय मी आनंदाने स्वीकारला, पण त्यातील एका शब्दाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती सुरुवातीलाच नोंदवतो. तो शब्द आहे 'अस्पर्श'. हिमालयातील पदभ्रमणाची माहितीपत्रके चाळली की हा शब्द पानोपानी भेटतो. जिथे माणसाचे पाऊल पडलेले नाही, जिथे केवळ आपण आणि हिमशिखरे, अशी ती भाषा असते. आज मी ज्या खोऱ्याविषयी बोलणार आहे, ते कुमाऊंमधील जोहारचे खोरे शांत आहे, निर्मळ आहे, त्याचे सौंदर्य पाहून शब्द थिटे पडतात. पण ते अस्पर्श नाही. तिथे शतकानुशतके माणसे नांदली. तिथे देवळे आहेत, शेते आहेत, कोरीव चौकटींची घरे आहेत. आज तिथे जी शांतता आपल्याला मोहवते ती सगळीच काही निसर्गाने दिलेली नाही. तिचा मोठा भाग १९६२ सालाने दिलेला आहे. हे समजून न घेता तिथे तंबू ठोकणे म्हणजे यजमान परगावी गेलेला असताना त्याच्या ओसरीवर पथारी पसरण्यासारखे आहे.

गोरीच्या काठाने

आधी खोऱ्याची ओळख करून देतो. उत्तराखंडच्या पिठोरागड जिल्ह्यात मुनस्यारी नावाचे गाव आहे. उंची सुमारे २,२०० मीटर. समोर पंचाचूलीची पाच शिखरे उभी असतात. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक याच पाच चुलींवर केला, अशी तिथली लोककथा आहे. मुनस्यारीच्या पायथ्याशी खोल घळीतून गोरीगंगा वाहते. ती मिलम हिमनदीतून निघते आणि जौलजीबीला काली नदीला मिळते. या गोरीच्या काठाकाठाने वर चढत गेले की साठेक किलोमीटरवर मिलम हे गाव येते. लीलम, बुगडियार, रिलकोट, मर्तोली, बुर्फू, बिल्जू आणि मग मिलम, अशा या मजला आहेत.

पहिले दोन दिवस घळीचे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, खाली नदीचा असा घोष की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. रिंगाळाची, म्हणजे बारीक बांबूची बेटे, बुरांशाची झाडे, शेवाळलेले दगड, कड्यांवरून कोसळणारे धबधबे. पावसाळ्यात ही वाट धोक्याची असते, कारण दरडी सतत सुटत असतात. बुगडियारच्या पुढे घळ संपते आणि दृश्य एकाएकी बदलते. हिमालयाची मुख्य रांग आपण नदीच्या सोबतीने पार केलेली असते. पावसाचे ढग मागेच अडतात. हवा कोरडी होते, आकाश गडद निळे होते, खोरे रुंदावते. वृक्ष विरळ होत जातात. भूर्जांची राई आणि खुरटी जुनिपरची झुडपे तेवढी उरतात. वर गवताळ कुरणे, ज्यांना तिथे बुग्याल म्हणतात. ३,४०० मीटरच्या आसपास असलेल्या मिलमपर्यंतचा पुढचा चढ सोपा आहे. अवघड डोंगराच्या पोटात एवढे मोकळे, सपाट, उजेडाचे अंगण असेल, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

पाछू आणि गनघर या गावांकडे वळले की नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटरचे शिखर थेट समोर येते. १९३९ साली पोलंडच्या गिर्यारोहकांनी याच बाजूने येऊन ते प्रथम सर केले. मिलम हिमनदीच्या डोक्यावर हरदेवल आणि त्रिशुली ही सात हजार मीटरपलीकडची शिखरे आहेत. नंदादेवी पूर्व सर केल्यावर तोच पोलिश संघ त्रिशुलीकडे वळला आणि त्यातील दोघांना हिमप्रपाताने गिळले. हा पर्वत देखणा आहे, तसाच कठोरही आहे. २०१९ च्या मे महिन्यात नंदादेवी पूर्वच्या परिसरात आठ गिर्यारोहक हिमप्रपातात सापडले. त्यांतील सात जणांचे देह भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या जवानांनी आपल्या प्राणांची पर्वा न करता शोधून खाली आणले. त्या उंचीवर ते काम किती अवघड असते, हे इथे बसलेल्या जाणत्या मंडळींना सांगायला नको.

मीठ, लोकर आणि आडनावे

आता त्या घरांकडे येऊ. जोहारच्या वरच्या भागात डझनभर गावे आहेत. तिथल्या लोकांना शौका म्हणतात. सरकारी कागदपत्रांत 'भोटिया' हा शब्द आहे आणि १९६७ पासून त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. उन्हाळ्यात वरच्या गावांत आणि हिवाळ्यात मुनस्यारी, तेजम किंवा आणखी खालच्या खोऱ्यांत, असे त्यांचे दुहेरी जीवन. बर्फ वितळले की सारे गाव, लेकरेबाळे, गुरेढोरे आणि देवाच्या पालखीसारखा जपलेला संसार घेऊन वर चढायचे, आणि शरद ऋतू सरता सरता खाली उतरायचे.

हे लोक शेती करीत, पण त्यांचा खरा पुरुषार्थ होता व्यापारात. मिलमच्या पुढे ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी अशा तीन खिंडी ओळीने येतात. सगळ्या पाच हजार मीटरहून उंच. मधे जनावरांना चारा नाही, म्हणून शक्य तो एकाच दीर्घ मजलीत तिन्ही ओलांडायच्या. पलीकडे तिबेटच्या पठारावर ज्ञानिमाची मंडी भरे. इकडून धान्य, गूळ, कापड जाई. तिकडून मीठ, लोकर, टाकणखार येई. ओझे वाहायला झब्बू, खेचरे आणि हजारो मेंढ्या-बकऱ्या असत. एकेका मेंढीच्या पाठीवर दोन बाजूंना दोन छोट्या थैल्या. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा पलीकडे ठरलेला तिबेटी मित्र असे आणि ते नाते पिढ्यान्पिढ्या चाले. करार करताना दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघांनी जपायचे आणि पुढे कुणी हस्तक आला तर तुकडे जुळवून ओळख पटवायची, अशी प्रथा सांगितली जाते. उंच पर्वताने त्यांना वेगळे केले नाही, तर जोडले. बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत आणि जौलजीबीच्या जत्रेत हा माल खाली उतरे आणि साऱ्या कुमाऊंभर पसरे. याच बागेश्वरच्या जत्रेत १९२१ च्या मकरसंक्रांतीला बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी सक्तीच्या 'कुली बेगार'च्या नोंदवह्या शरयूच्या पात्रात बुडवल्या आणि इंग्रजांची वेठबिगार संपवली. दुर्गम भाग म्हणून आपण ज्यांना बाजूला ठेवतो, ते देशाच्या जीवनापासून कधीच बाजूला नव्हते.

या समाजाची एक गंमत आपल्याला विशेष जवळची वाटेल. मर्तोलीचे ते मर्तोलिया, बुर्फूचे ते बुर्फाल, टोल्याचे ते टोलिया, लास्प्याचे ते लस्पाल. आपण जसे सातारकर, जुन्नरकर होतो तसेच! उत्तराखंडचे मुख्य सचिव झालेले रघुनंदन सिंह टोलिया याच मातीतले. गाव रिकामे झाले तरी ते माणसाच्या नावाला चिकटून राहते. आज दिल्ली, लखनौ, डेहराडूनच्या कचेऱ्यांत बसलेला एखादा मर्तोलिया आपल्या सहीत रोज त्या खोऱ्याचे नाव लिहितो.

शंभर मण्यांची माळ

मिलमचे नाव निघाले की पंडित नैनसिंह रावत यांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८३० चा जन्म. मिलमच्या शाळेत ते शिक्षक होते, म्हणून 'पंडित'. तिबेटमध्ये गोऱ्या माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने जोहारच्या या तरुणांना डेहराडूनला शिकवून पाठवले. नैनसिंह यात्रेकरूच्या वेशात निघाले. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. प्रत्येक शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. म्हणजे माळ एकदा फिरली की दहा हजार पावले. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पाण्याच्या उकळबिंदूवरून उंची काढायची, रात्री ताऱ्यांवरून अक्षांश. असे करीत १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले आणि त्या नगराचे स्थान व उंची त्यांनी जगाच्या नकाशावर प्रथम नेमकेपणाने मांडली. पुढे १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासामार्गे आसामपर्यंत चालत गेले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचे आप्त किशनसिंह यांनी १८७८ ते १८८२ अशी चार वर्षे तिबेट पालथा घातला. सरकारी कागदांत मात्र त्यांची नावे नव्हती. एक होता 'पंडित', दुसरा 'ए-के'.

साम्राज्याला त्या नकाशाचा उपयोग झाला, हे खरेच. पण ती पावले आपली होती, ती शिस्त आपली होती. दिवसभर श्वासाची धाप लागत असताना, चोर-दरोडेखोरांच्या भीतीत, एकही पाऊल न चुकवता मोजत राहणे ही एक प्रकारची साधनाच नाही का? आपल्या टपाल खात्याने २००४ साली त्यांचे तिकीट काढले. तरीही कोलंबस आणि वास्को-द-गामा आपल्या मुलांना पाठ असतात आणि नैनसिंह विचारले तर ती एकमेकांकडे पाहतात. आज मनगटावरचे यंत्र आपली पावले मोजते. मिलमच्या वाटेवर चालताना कधीतरी ते काढून खिशात ठेवावे आणि शंभर पावले तरी मनात मोजून पाहावीत. मग त्या माळेचे वजन कळते.

एका सहीचे आणि एका युद्धाचे मोल

हे सारे कसे थांबले? १९५४ च्या एप्रिलमध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक व्यापारकरार झाला. पंचशीलाची घोषणा त्याच करारातली. तिबेटमधील आपले वारसाहक्काने आलेले अधिकार, तेथील लष्करी तुकड्या, टपाल व तारसेवा आपण सोडून दिली. व्यापार-यात्रेसाठी सहा खिंडी नमूद करण्यात आल्या, त्यांत जोहारची कुंगरी-बिंगरी होती. कराराची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षीच्या जुलैत, चीनने जोहारच्या शेजारच्या बाराहोतीवर आक्षेप घेतला. आठ वर्षांची मुदत जून १९६२ मध्ये संपली, ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटले आणि खिंड बंद झाली. लिपुलेखचा मार्ग व्यापारासाठी १९९२ साली पुन्हा उघडण्यात आला; कुंगरी-बिंगरीच्या वाटेवर मात्र मेंढ्यांच्या गळ्यातील घंटा परत वाजल्या नाहीत.

व्यापार गेला तशी मिलमची गरज संपली. एकेकाळी पाचशे उंबऱ्यांचे हे गाव होते असे जाणते लोक सांगतात. मी तिथे गेलो तेव्हा गल्ल्यांमधून चालताना दोन्ही बाजूंना छपरे कोसळलेली घरे होती. कोरीव चौकटी होत्या, दारे नव्हती. काही दारांना कुलपे होती, भिंती नव्हत्या. एका अंगणात चुलीजवळ गवत माजले होते. पण पुढच्याच अंगणात एक वृद्ध जोडपे बटाट्याच्या वाफ्यांत काम करीत होते. ते दर उन्हाळ्यात वर येत. "इथे काय उरले आहे, बाबूजी?" असे मी विचारले, तेव्हा ते गृहस्थ हसून म्हणाले, "घर उरले आहे. आम्ही आलो नाही, तर तेही उरणार नाही." या उत्तरात सीमासंरक्षणाचे सारे शास्त्र आले, असे मला वाटते.

कारण सीमा केवळ चौक्यांनी राखली जात नाही. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी स्थापन झालेले भारत-तिबेट सीमा पोलीस दल त्या उंचीवर डोळ्यांत तेल घालून पहारा करते. त्यांच्यापुढे आपण नतमस्तकच आहोत. पण जिथे गावकऱ्याची गुरे चरतात, जिथे त्याच्या देवाची जत्रा भरते, तिथे राष्ट्राचा हक्क रोजच्या जगण्यातून सिद्ध होत असतो. कारगिलमधील घुसखोरीची पहिली खबर १९९९ च्या मे महिन्यात कुणी दिली? तेथील मेंढपाळांनी. पलीकडे चीनने तिबेटच्या सीमेलगत सहाशेहून अधिक नवी गावे वसवली. तो ओसाड जागी माणसे आणून बसवतो आणि आपण वसलेली गावे ओस पडू देतो, हे कोणते शहाणपण?

ही जाणीव उशिरा का होईना, शासनाला झाली, हे समाधानाचे आहे. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सांगितले की सीमेवरचे गाव हे देशाचे शेवटचे नव्हे, पहिले गाव आहे. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने 'व्हायब्रंट व्हिलेजेस' कार्यक्रमाला मान्यता दिली. ४,८०० कोटी रुपयांची तरतूद, त्यांतील २,५०० कोटी रस्त्यांसाठी. चार राज्ये आणि लडाख, एकोणीस जिल्हे, पहिल्या टप्प्यात ६६३ गावे. दिशा योग्य आहे. मात्र गाव पैशाने बांधता येते, वसते ते माणसांनी. तिथे आपला, म्हणजे डोंगर चढणाऱ्यांचा संबंध येतो.

तंबू कुठे ठोकावा?

मित्रहो, आता तुमच्या-माझ्या व्यवहाराकडे वळतो. आपण तिथे जातो ते कशासाठी? शुद्ध हवा, शिखरांचे दर्शन, रात्रीचे आकाश. यात गैर काहीच नाही. कालिदासाला आपल्या महाकाव्याची सुरुवात हिमालयाच्या वर्णनाने करावीशी वाटली, तिथे आपली काय कथा! पण दर्शनाला जाणारा माणूस देवळात जसा वागतो, तसे आपण वागतो का?

बुग्यालवरचे गवत आपल्या पठारांवरच्या गवतासारखे नसते. वर्षातले चारच महिने त्याला वाढीसाठी मिळतात. त्याखालची माती बोटभर असते. त्यावर आठ-दहा दिवस तंबू उभा राहिला, भोवती पाण्यासाठी चर खणला, की तो चट्टा पुढे कित्येक वर्षे भरून येत नाही. उलट त्या चरातून माती वाहू लागते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि एका वेळी जाणाऱ्यांच्या संख्येवर दोनशेची मर्यादा घातली. तेव्हा पदभ्रमण करणाऱ्या अनेकांनी नाराजी व्यक्त केली. मला मात्र वाटते, जे आपण आपणहून पाळायला हवे होते, ते न्यायालयाला सांगावे लागले, ही आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नव्हती.

काही साध्या गोष्टी सांगतो. सह्याद्रीतली उष्णता आणि पाऊस पुष्कळ काही कुजवून टाकतो. हिमालयातली थंडी सारे जपून ठेवते, आपली घाणसुद्धा. म्हणून शौचाची जागा पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावले दूर हवी, खड्डा हवा, आणि कागद-प्लास्टिक परत पाठीवर हवे. शेकोटीचा मोह टाळावा. जे जुनिपरचे झुडूप आपण एका रात्रीत जाळतो ते गुडघ्याएवढे वाढायला दशके गेलेली असतात, आणि ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले ते सरपण म्हणून वापरणे हे कोणत्याही संस्कारात बसत नाही. स्वयंपाकाला स्टोव्ह न्यावा. हिमनदीतून येणारे ओढे दुपारी फुगतात, ते पहाटे ओलांडावेत. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोके ठणकू लागले, मळमळू लागले तर वर चढण्याचा हट्ट सोडून खाली यावे. पर्वताला पराक्रम दाखवायचा नसतो, त्याची आज्ञा पाळायची असते. मिलमचा भाग सीमेलगतचा असल्याने परवाना लागतो, चौक्यांवर नावे नोंदवावी लागतात. ती कटकट मानू नका. आपण कुठे आहोत याचे ते स्मरण आहे.

पण सर्वांत महत्त्वाचे सांगायचे ते हे. शक्य असेल तिथे तंबू ठोकूच नका. गावात राहा. आपण पुण्या-मुंबईहून शिधा, स्वयंपाकी, तंबू, सारे बांधून नेतो आणि खोऱ्यात दहा दिवस राहून तिथल्या माणसाच्या हाती दहा रुपयेही पडू देत नाही. मग त्या माणसाने वर का यावे? मुनस्यारीला लागून सरमोली नावाचे गाव आहे. तिथल्या महिलांनी आपल्या घरांतून पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली, वनपंचायतीमार्फत आपले जंगल सांभाळले आणि २०२३ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने त्या गावाला देशातील सर्वोत्तम पर्यटनग्राम म्हणून गौरवले. मुनस्यारीचा राजमा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याच घरांच्या चुलीवर शिजलेला खावा. जंबूची फोडणी दिलेली डाळ खावी. यजमानीणबाईंकडून लोकरीचे विणकाम विकत घ्यावे. डॉ. शेरसिंह पांगती यांनी मुनस्यारीत एकट्याच्या जिद्दीने उभे केलेले शौका समाजाचे संग्रहालय पाहावे, म्हणजे वरची मोडकी घरे बोलू लागतील. जे घर पाहुण्यासाठी उघडते ते घर पडत नाही.

रस्ता हवा की नको?

आता एका अवघड प्रश्नाला हात घालतो, कारण तो टाळला तर हे व्याख्यान अर्धवट राहील. मुनस्यारी ते मिलम हा सुमारे पासष्ट किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने हाती घेतला. घळीतला कातळ इतका कठीण की २०२० साली अवजड यंत्रे हेलिकॉप्टरने वर उतरवावी लागली. आपल्यापैकी अनेकांना या रस्त्याचे दुःख होते. पायवाटेचे काव्य जाईल, गाड्या येतील, शांतता मोडेल. ही भीती खोटी नाही. मे २०२० मध्ये शेजारच्या व्यास खोऱ्यातून लिपुलेखकडे जाणारा रस्ता खुला झाला आणि जिथे यात्रेकरू दिवसेंदिवस चालत, त्या आदिकैलासाच्या दर्शनाला गाड्यांची रीघ लागली. शिवाय हिमालय हा कच्चा पर्वत आहे. जून २०१३ चे केदारनाथ आणि ७ फेब्रुवारी २०२१ ची ऋषिगंगा आपण विसरलेलो नाही. मिलम हिमनदी तर गेल्या शतकाहून अधिक काळ मागे सरकत असल्याच्या नोंदी आहेत.

तरीही मी स्वतःला विचारतो, रस्ता नको असे म्हणण्याचा अधिकार मला आहे का? मी तिथे वर्षातून दहा दिवस जातो. तिथली गरोदर स्त्री, आजारी म्हातारा, बटाटा खाली न्यायला खेचराचे भाडे मोजणारा शेतकरी आणि बर्फात पहारा करणारा जवान यांनी माझ्या शांततेसाठी चालत राहावे, ही अपेक्षा प्रामाणिक नाही. देशाच्या संरक्षणाला रस्ता हवा, गावाच्या जगण्याला रस्ता हवा. मग आपण मागणी काय करावी? रस्ता व्हावा, पण डोंगर पोखरताना निघालेला राडारोडा गोरीच्या पात्रात लोटला जाऊ नये. रस्त्याच्या टोकाला परगावच्या भांडवलाची हॉटेले उभी राहू नयेत. मुक्कामाचा पहिला हक्क मर्तोलिया, बुर्फाल, टोलिया यांच्या घरांचा असावा. वाहनांची आणि माणसांची संख्या खोऱ्याच्या कुवतीवरून ठरावी. जुनी पायवाट जिथे शिल्लक असेल तिथे ती वारसा म्हणून जपावी, कारण त्या वाटेवर नैनसिंहांची मोजलेली पावले आहेत. विकास आणि निसर्ग यांचे भांडण लावून देणे सोपे असते. धरणीला माता मानणाऱ्या समाजाला ते शोभत नाही.

नंदा आणि गौर

शेवटी एक धागा तुमच्या हाती देतो. मर्तोलीला गावाच्या वरच्या अंगाला भूर्जांच्या राईजवळ नंदादेवीचे मंदिर आहे. भाद्रपद शुद्ध अष्टमीला, नंदाष्टमीला, जोहारची माणसे जमेल तशी वर येतात. उंच कड्यांवरून ब्रह्मकमळे आणून देवीला वाहतात. कुमाऊं-गढवालच्या लोकांसाठी नंदा ही केवळ देवी नाही, ती लेक आहे. सासर तिचे कैलासावर, माहेर या खोऱ्यांत. आणि त्याच दिवसांत आपल्या घरोघरी काय चाललेले असते? ज्येष्ठागौरी माहेरपणाला आलेल्या असतात. तिकडे ब्रह्मकमळ, इकडे तेरड्याची पाने. तिकडे भूर्जाची राई, इकडे ओसरीवर काढलेली हळदीकुंकवाची पावले. शेकडो मैलांचे अंतर, भाषा वेगळी, अन्न वेगळे; पण लेकीला माहेरी आणण्याचे दिवस तेच. हा देश एक आहे हे कोणत्या ग्रंथात शोधायला जायचे?

म्हणून माझी विनंती आहे की या मंडळाने येत्या काळात जोहारची मोहीम आखताना नंदाष्टमीचा काळ डोळ्यांपुढे ठेवावा. पावसाची, दरडींची स्थिती स्थानिकांना विचारून, तिथल्याच वाटाड्याला सोबत घेऊन जावे. मिलमच्या शाळामास्तरांची गोष्ट आपल्या मुलांना आधी सांगून मग निघावे. मुक्काम घरांत करावा. परतताना आपला कचरा तर आणावाच, पण एखाद्या कुटुंबाचा पत्ताही आणावा आणि दिवाळीत त्यांना चार ओळी लिहाव्यात. एका मंडळाने एका गावाशी असे नाते जोडले तर महाराष्ट्रातील शेकडो मंडळांनी काय होऊ शकेल, याचा विचार आपणच करावा. जोहारच्या त्या वृद्ध गृहस्थांनी दर उन्हाळ्यात वर येऊन दार उघडण्याचे आपले काम केले आहे. त्या दारात पाहुणा म्हणून उभे राहणे एवढेच आपल्याकडे उरते.